साठविलेली वीज : भरणे आणि राखणे



नांदेड-लातूरकडच्या जुन्या पिढीला पेव ठाऊक आहे. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, कडेने कडबा-भुसकट लावायचे, ज्वारी भरायची आणि तोंड लिंपून टाकायचे. पेव भरण्याचे काम दोन दिवसांत होई. पण आत ओल शिरली की वर्षाचे धान्य हातचे जाई. धान्य साठविण्याची ही विद्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. वीज साठविण्याची विद्या त्यामानाने कालची, आणि तिच्यातही भरण्यापेक्षा राखणे अवघड. आज इन्व्हर्टर, मोबाईल आणि विजेवरची दुचाकी घरोघर आहे, पण त्यांची निगा सांगताना आपण एका जातीच्या बॅटरीचा नियम सर्रास दुसऱ्या जातीला लावतो. हा घोटाळा कसा झाला, हे इतिहासावरून चांगले कळते.

इ. स. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टाने धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे एकावर एक रचून पहिला विद्युत्घट केला. त्यातील रसायन संपले की घटही संपे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटेने शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी विरल गंधकाम्लात बुडविली आणि तिच्यात बाहेरून वीज सोडली. ती वीज पुढे परत घेता आली, आणि घट पुन्हा भरताही आला. १८८१ मध्ये कामिल फोर याने पत्र्यांना शिशाच्या संयुगाचा लेप देऊन घटाची धारणशक्ती वाढविली. त्याच वर्षी अशी भरलेली एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे गेली. वीज पेटीत घालून गावोगाव नेता येते, याचे त्या काळी मोठे अप्रूप वाटले.

या घटाची मेख समजून घेतली पाहिजे. वीज खर्च होत असता दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. भरताना हीच क्रिया उलटी होते. घट रिकामा पडून राहिला तर सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होतात आणि मग कितीही वीज सोडली तरी विरघळत नाहीत. म्हणून शिशाच्या बॅटरीचा पहिला नियम असा की, तिला रिकामी ठेवू नये; वापर झाला की लगेच पुरी भरावी.

आपल्या भागात हा घट चाकांवर बसून आला. १९०० च्या सुमारास नांदेडवरून निजाम संस्थानची रेल्वे धावू लागली, १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोहोचली, आणि १९३२ पासून संस्थानच्या रेल्वेने मोटारबसही सुरू केल्या. पुढे आगगाडीच्या डब्याखाली शिशाचे घट आले. चाकाच्या आसावर फिरणारा डायनामो ते भरी आणि गाडी उभी राहिली की दिवे त्यांवर जळत. मोटारी वाढल्या तशी बॅटरी चार्जिंगची दुकाने निघाली. ज्या गावांत वीज नव्हती तेथला रेडिओही बॅटरीवरच चाले. दुकानदार हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाही : भरलेल्या घटात सुमारे १.२५ ते १.२८, उतरलेल्यात १.१५ किंवा कमी. पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घाली. आपल्याकडील बोअरचे जड पाणी क्षारांमुळे बॅटरीची हानी करते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर घरात शिरला, तेव्हा दुकानातील ही विद्या घरात यायला हवी होती. ती पुरती आली नाही.

दरम्यान दुसरी जात जन्मली होती. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियमचा घट केला. त्याला एक खोड होती. रोज थोडाच वापरून भरत राहिले तर काही परिस्थितीत तो तेवढीच वीज देऊ लागे. म्हणून ‘पूर्ण उतरू द्या, मग भरा’ असा सल्ला रूढ झाला. घट मागे पडला, सल्ला मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

तिसरी जात लिथियमची. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात पाया घातला, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचे अग्र सुचविले, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये व्यवहार्य घट बनविला आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या घटाला दोन्ही टोके सोसत नाहीत. काठोकाठ भरून उष्णतेत ठेवला तर आतील द्रव हळूहळू विघटित होतो. मर्यादेपलीकडे उतरला तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. म्हणून ‘पूर्ण उतरू द्या’ हा सल्ला येथे घातक, आणि ‘सदा भरलेली ठेवा’ हाही अयोग्य. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान, आणि पडून ठेवायची तर निम्मी भरून थंड जागी, हेच तिला मानवते.

९ ऑक्टोबर २०१९ रोजी या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याच्या तीनच आठवडे आधी, १८ सप्टेंबरला, भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्या सिगारेटच्या पोटातही हाच लिथियमचा घट असतो. परदेशांत सुटे घट किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवल्याने त्यांची दोन टोके जुळली आणि माणसे भाजली. तेव्हा सुटा घट डबीतच ठेवावा आणि ज्या उपकरणाचा चार्जर त्यालाच लावावा. बॅटरी फुगली तर ती भरू नये, टोचू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

आता आपल्या उन्हाळ्याविषयी. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या कोंदट कोपऱ्यात इन्व्हर्टर ठेवणे म्हणजे पैसे जाळणे. शिवाय भरताना त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, म्हणून तेथे हवा खेळती हवी. मोबाईल उशीखाली किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवून भरणेही टाळावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतात मोबाईल यायला अजून दोन वर्षे होती. आज तशी वेळ आली, तारा तुटल्या आणि दिवे गेले, तर उजेड आणि निरोप या दोहोंसाठी आपला भरवसा हातातल्या या लहानशा पेवावर असेल. घरी गेल्यावर इन्व्हर्टरचे पाणी एकदा पाहा.