भाकरीची पत

नगर जिल्ह्याचा—२०२४ पासून अहिल्यानगरचा—इतिहास लिहितांना निजामशाही, भुईकोट किल्ला व त्यांतील नेहरूंचा बंदिवास यांस पानेंच्या पानें मिळतात. चुलीस ओळहि मिळत नाहीं. वस्तुतः गेल्या शतकाची उलथापालथ तव्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी दप्तरांत दिसत नाहीं.

पर्जन्यछायेंतला हा मुलूख बाजरी-ज्वारीचा. गव्हाची पोळी सणावाराची. १९२६ त अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांकाठीं ऊंस वाढला. १९५० त लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि शेतकऱ्याच्या हातीं रोकड आली. हातीं पैसा आला कीं माणूस प्रथम ताटांतली गरिबी पुसतो. भाकरी गड्यामाणसांची व पोळी घरच्यांची, असा भेद पुष्कळ घरांत पडला. पुढें १९७२ चा दुष्काळ आला. परदेशची तांबडी मिलो व सरकारी कामावरची सुकडी खाऊन ज्यांनीं दिवस काढिले, त्यांस भरड धान्य हें नाइलाजाचें अन्न वाटलें, यांत नवल कसलें?

तथापि भाकरी केवळ लाजेपायीं मागें पडली, असें नव्हे. बाजरीच्या पिठांतील तेलाचा अंश लवकर खवट होतो व पीठ थोड्याच दिवसांत कडू लागतें. ज्वारीचें शिळें पीठ थापतांना चिरतें. म्हणजे दळण वारंवार, आणि प्रत्येक भाकरी हातावर. गव्हाच्या पिठाचा डबा कितीतरी अधिक दिवस टिकतो, हें पाहून ज्या सुनेनें सुटकेचा निःश्वास टाकिला, तिला दोष कोणीं द्यावा? आम्ही शिकलेले पुरुष आरोग्याची चर्चा पाटावर बसून करतों, चुलीपुढें बसून नव्हे.

आतां वारें फिरलें आहे. मधुमेह जडला कीं डॉक्टर भाकरी सुचवितात. २०२३ हें वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळिलें. पण ज्या अकोले तालुक्यांतून कालव्यास पाणी सुटलें, त्याच तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांस हें सांगावयास कोणी डॉक्टर लागला नाहीं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनीं घरांतल्या आजारपणाचा संबंध ताटाशीं आणि ताटाचा बियाण्याशीं जोडला, व गावठी वाल, भाज्या, भात यांचें बीं जपून शेजारणींस वांटलें. २०२० त त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

शहरांतील खाणावळींत आज भाकरीस बहुधा पोळीहून अधिक दाम पडतो. ती थापणारी बाई मात्र अजून आंतच, धुरांत, बसलेली असते.