गिटारचे पेडल आणि ॲम्प्लिफायर: नऊ व्होल्टच्या वीजपुरवठ्याचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये विजेची वाण कधीच नव्हती. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर घरगुती विजेपासून ट्यूबच्या ॲनोडसाठी तीनशे-चारशे व्होल्ट आणि हीटरसाठी ६.३ व्होल्ट असे वेगवेगळे दाब तयार करतो. त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेली, वादकाच्या पायाशी ठेवलेली पेडल्स मात्र साठ वर्षांनंतरही मुख्यतः ९ व्होल्टची छोटी बॅटरी किंवा स्वतंत्र ॲडॅप्टर यांवरच चालतात. इतका मोठा ट्रान्सफॉर्मर जवळ असताना त्यातूनच नऊ व्होल्ट का घेऊ नयेत, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडेल. त्याचे उत्तर निम्मे इतिहासात आणि निम्मे सर्किटमध्ये आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण इफेक्ट ॲम्प्लिफायरच्या पेटीतच असत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील रे बट्स यांनी ‘इकोसॉनिक’ हा ॲम्प्लिफायर बनवला. त्याच्या आतच टेपवर चालणारी प्रतिध्वनीची यंत्रणा होती. फेंडर कंपनीने १९५५ च्या ‘ट्रेमोलक्स’मध्ये ट्रेमोलो आणि १९६३ च्या ‘व्हायब्रोव्हर्ब’मध्ये रिव्हर्ब बसवला. या सर्व इफेक्टची वीज ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच येई. पायाने दाबायचा असे तो फक्त एक स्विच.

हे चित्र ट्रान्झिस्टरने बदलले. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आणले. त्याचा उगम एका बिघाडात होता. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटून घरघरू लागला. तो आवाज लोकांना आवडला, म्हणून ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो ट्रान्झिस्टरने मुद्दाम निर्माण करणारे सर्किट तयार केले. या पेडलला १.५ व्होल्टचे दोन सेल पुरत. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये हा आवाज जगभर ऐकला गेला आणि पेडलचा खप एकदम वाढला.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ‘टोन बेंडर’ आणि १९६६ मध्ये ‘फझ फेस’ ही पेडल्स आली. त्यांना लागत ९ व्होल्ट. हा आकडा कोणी संगीतासाठी शोधून काढलेला नव्हता. खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठी १९५० च्या दशकात जी चौकोनी, दोन बटणांची बॅटरी निघाली, ती प्रत्येक दुकानात मिळत होती. पेडल बनवणाऱ्यांनी तीच उचलली. आजही जगातील बहुसंख्य पेडल्स ९ व्होल्टवर चालतात ती त्या रेडिओमुळे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात सोयीने घेतलेला निर्णय मानक होऊन बसल्याची याहून चांगली उदाहरणे थोडीच असतील.

या बॅटरीचा एक गुण तेव्हा फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. तिचा विजेच्या तारांशी, ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशी किंवा शेजारच्या पेडलशी काहीही संबंध नसतो. ती विद्युतदृष्ट्या सर्वांपासून अलग असते. त्यामुळे पेडलच्या सर्किटमध्ये बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला जोडले काय किंवा धन टोक जोडले काय, बाहेर काहीच फरक पडत नसे. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरचे जुने ‘फझ फेस’ धन टोक ग्राउंडला जोडून चालत असे. एनपीएन ट्रान्झिस्टरची पेडल्स ऋण टोक जोडत. गिटारच्या केबलने दोन्ही एकमेकांना जोडली, तरी प्रत्येकाची बॅटरी वेगळी असल्यामुळे गोंधळ होत नसे. हीच दोन पेडल्स एका सामाईक पुरवठ्यावर लावली, तर केबलच्या जाळीतून त्या पुरवठ्याचे धन आणि ऋण टोक थेट शॉर्ट होते.

रोलंड आणि तिची उपकंपनी बॉस यांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. १९७५ च्या ‘जॅझ कोरस’ जेसी-१२० ॲम्प्लिफायरमध्ये कोरस इफेक्ट अंगभूत होता. पुढच्याच वर्षी तेच सर्किट बाहेर काढून ‘सीई-१’ हे बॉसचे पहिले पेडल निघाले. पेटी वेगळी झाली, पण ती अजून थेट घरगुती विजेवरच चाले. मग १९७७ मध्ये बॉसने तळहाताएवढ्या पेडल्सची मालिका सुरू केली. ती ९ व्होल्टची बॅटरी किंवा ॲडॅप्टर, दोन्हींवर चालत.

बॉसचे सुरुवातीचे एसीए प्रकारचे ॲडॅप्टर अनियंत्रित होते. अशा ॲडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर एवढेच असते. त्याचा दाब भाराप्रमाणे आणि घरातील विजेच्या चढउताराप्रमाणे बदलतो. पेडलला जास्त दाब मिळू नये, म्हणून पेडलच्याच आत रेझिस्टर आणि डायोड बसवलेले असत. पुढे नियंत्रित ९ व्होल्ट देणारे पीएसए ॲडॅप्टर आले आणि पेडलमधील हा भाग काढून टाकण्यात आला. आजच्या ॲडॅप्टरवर जुने एसीए पेडल एकटेच लावले, तर त्याचा दिवा मिणमिणतो, तो यामुळे. दाब नियंत्रित करण्याची जबाबदारी पेडलकडून पुरवठ्याकडे सरकली, याची ही छोटीशी खूण आहे. त्या ॲडॅप्टरच्या पिनेत मधले टोक ऋण असते. नेहमीच्या सवयीच्या उलट असलेली ही रचनाही पिन घालताच बॅटरी आपोआप तुटावी या सोयीतून आली असे मानले जाते, आणि पुढे सगळ्यांनीच ती स्वीकारली.

ही जबाबदारी सरकणे शक्य झाले ते स्वस्त रेग्युलेटर चिपमुळे. फेअरचाइल्ड कंपनीची ७२३ ही चिप १९६७ ची. त्यानंतर तीन पायांची ७८०० मालिका आली आणि ७८०९ ही चिप व दोन कपॅसिटर यांत काम भागू लागले. १९८० च्या दशकात डिजिटल डिले पेडल्स आली, तशी गरजही वाढली. फझला जेमतेम एखादा मिलिअँपिअर पुरतो. डिजिटल पेडल पन्नासच्या आसपास घेते, आणि त्यापुढे सुमारे ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसाचीही सोबती राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ॲम्प्लिफायरमध्येच नियंत्रित पुरवठा बसवायचा, तर पहिला मोह हीटरच्या ६.३ व्होल्टचा होतो. हिशेब करून पाहा. ६.३ चे शिखरमूल्य ८.९ व्होल्ट, ब्रिज रेक्टिफायरच्या दोन डायोडमध्ये १.४ व्होल्ट गेल्यावर उरतात ७.५. ७८०९ ला मात्र ९ व्होल्ट देण्यासाठी किमान ११ व्होल्ट आत लागतात. व्होल्टेज डब्लरने हा दाब सुमारे १६ व्होल्टपर्यंत नेता येतो, पण अडचण दुसरीच आहे. गुणगुण कमी करण्यासाठी हीटरच्या वेटोळ्याचा मध्यबिंदू बहुधा सांगाड्याला जोडलेला असतो. पेडलचा ग्राउंडही केबलमार्गे त्याच सांगाड्याला पोहोचतो. एकाच वेटोळ्याला दोन ठिकाणी ग्राउंड केले की त्याचा अर्धा भाग डायोडमधून शॉर्ट होतो.

दुसरा मोह ५ व्होल्टच्या वेटोळ्याचा आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो. हे वेटोळे जीझेड-३४ सारख्या रेक्टिफायर ट्यूबच्या हीटरसाठी असते, आणि ती ट्यूब बसवलेली असताना ते सांगाड्यापेक्षा तीनशे-चारशे व्होल्ट वरच्या दाबावर तरंगत असते. मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमध्ये मोजले तर ५ व्होल्टच दिसतील. त्यावरून काढलेला पुरवठा मात्र तो सगळा उच्च दाब पेडलकडे नेईल, आणि पेडल गिटारच्या तारांना जोडलेले आहे. ट्यूबऐवजी सिलिकॉन डायोड असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हे वेटोळे रिकामे पडते. फक्त तेव्हाच ते डब्लरसह वापरण्याजोगे असते. शिवाय बंद केलेल्या ॲम्प्लिफायरचे मोठे कपॅसिटरही भारित राहू शकतात, त्यामुळे जाणकार शिक्षक शेजारी नसताना असा ॲम्प्लिफायर उघडू नये.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा आधीच असतो. त्यातून ७८०९ ने ९ व्होल्ट घेतले आणि १०० मिलिअँपिअर खर्च झाले, तर चिपमध्ये फक्त ०.६ वॅट उष्णता निर्माण होते. दिसायला हे सर्वात सोपे. पण इथे पेडलचा ग्राउंड दोन वाटांनी ॲम्प्लिफायरला मिळतो, सिग्नलच्या केबलने आणि वीजपुरवठ्याच्या तारेने. या वर्तुळातून फिरणारी धारा थेट सिग्नलच्या ग्राउंडवर चढते. पेडल डिजिटल असेल, तर त्याच्या घड्याळाचा किणकिणाटही ऐकू येतो. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी हा दोष दूर करू शकत नाही; तो फक्त दाब सांभाळतो.

माझ्या मते खरा उपाय एकच आहे. ॲम्प्लिफायरच्या पेटीत पेडलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्रत्येक पेडलला स्वतंत्र वेटोळे, स्वतंत्र रेक्टिफायर आणि स्वतंत्र रेग्युलेटर द्यावा, आणि यांपैकी कोणतेही टोक सांगाड्याला जोडू नये. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने पूर्ण-तरंग रेक्टिफायरनंतर गुणगुण १०० हर्ट्‌झची येते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि १०० मिलिअँपिअर धारा वाहत असेल, तर दाबातील लाट साधारण एक व्होल्टची असते. रेग्युलेटर ती जवळपास हजारपटीने कमी करतो. छोटा ट्रान्सफॉर्मर मोठ्याशी काटकोनात आणि रिव्हर्बच्या स्प्रिंगपासून दूर ठेवावा, नाहीतर तारेतून न आलेली गुणगुण चुंबकीय क्षेत्रातून येते.

बाजारातील चांगल्या वीजपुरवठा पेट्याही हेच करतात. व्हूडू लॅब कंपनीच्या ‘पेडल पॉवर २ प्लस’मध्ये आठ आउटपुट एकमेकांपासून अलग असतात. त्यांपैकी दोन आउटपुटवर दाब मुद्दाम कमी करण्याची सोय आहे, कारण उतरलेल्या बॅटरीवर जुना फझ जसा वाजतो तसाच तो काही वादकांना हवा असतो.