जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर कशी उतरवावीत?

कोल्हापूर : मोबाइलमध्येच उत्तम कॅमेरा मिळू लागल्यापासून घरोघरचे डिजिटल कॅमेरे कपाटात गेले. १९९८ ते २०१० या काळात मोठ्या हौसेने घेतलेल्या या कॅमेऱ्यांत आणि त्यांच्या मेमरी कार्डांत आजही असंख्य छायाचित्रे पडून आहेत. लग्नकार्ये, सहली, बारशी यांच्या जोडीला शहराच्या इतिहासाचे काही दुवेही त्यांत असू शकतात. जुलै २००५ अखेरच्या महापुराची छायाचित्रे बऱ्याच घरांत याच कॅमेऱ्यांनी टिपली गेली. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आपल्या गल्लीत, आपल्या उंबऱ्यावर २००५ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे अशा एखाद्या छायाचित्रावरून नेमके ताडता येते.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. त्या रंगमंचावर गॅदरिंग, सत्कार, राज्य नाट्य स्पर्धा अशा निमित्ताने उभ्या राहिलेल्यांच्या छायाचित्रांत मागचे छत, खांब आणि लाकूडकामही टिपले गेले आहे. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी कॅमेरा घडवून मूकपट काढले; मात्र त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. वेळेवर जपले नाही तर काय होते, याचे उदाहरण कोल्हापूरकरांना अन्यत्र शोधावे लागत नाही.

अडचण नेमकी कोठे येते?

कॅमेरा चालू होतो, पडद्यावर छायाचित्रे दिसतात, पण नव्या संगणकाला जोडल्यावर काहीच घडत नाही, असा अनुभव सर्रास येतो. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या पिढीत असते. स्थूलमानाने तीन पिढ्या सांगता येतील.

पहिल्या पिढीतील कॅमेरे सीरियल केबलने संगणकाला जोडले जात. या मार्गाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ११ किलोबाइट असल्याने पाचशे किलोबाइटचे एक छायाचित्र उतरायला पाऊण मिनिट लागे. १९९७ मध्ये आलेल्या सोनीच्या माविका कॅमेऱ्यांत तर छायाचित्रे साडेतीन इंची फ्लॉपीवर साठवली जात. या फ्लॉपीवरील फायली साध्या जेपेग स्वरूपातील असल्याने यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाल्यास त्या आजही उघडतात.

दुसऱ्या पिढीत यूएसबी केबल आली, पण संवादाची भाषा ज्या त्या कंपनीची स्वतःची राहिली. त्यासाठी कॅमेऱ्यासोबत आलेल्या सीडीवरून ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर टाकावे लागे. ते विंडोज ९८ किंवा एक्सपीसाठी लिहिलेले होते. आजच्या ६४ बिट विंडोजवर असे बहुतेक ड्रायव्हर चालत नाहीत आणि कंपन्यांनी नवे काढलेले नाहीत. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला. कोडॅकने २०१२ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवले. अनेकांच्या सवयीचे झालेले गुगलचे पिकासा २०१६ मध्ये बंद झाले.

तिसऱ्या पिढीतील कॅमेरे सर्वांना समान असलेले नियम पाळतात. यांत दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत कॅमेरा संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. तिला मास स्टोरेज म्हणतात. दुसरी पद्धत पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच पीटीपी. तिचे प्रमाणीकरण २००० मध्ये झाले आणि विंडोज एक्सपीपासून पुढे तिच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागेनासा झाला. साधारण २००३ नंतर घेतलेले बहुतेक कॅमेरे यांपैकी एक पद्धत वापरतात. त्यामुळे जुनी सीडी हरवली असली तरी बिघडत नाही.

सर्वांत सोपा मार्ग : कार्ड रीडर

कॅमेऱ्यातील कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे हा सर्वांत सोपा उपाय होय. त्यासाठी ना ड्रायव्हर लागतो, ना कॅमेऱ्याची बॅटरी. मात्र कार्ड कोणत्या जातीचे आहे, हे आधी ओळखावे. एसडी कार्ड आजच्या कोणत्याही रीडरमध्ये चालते. जाड, चौकोनी कॉम्पॅक्टफ्लॅश आणि सोनीचे मेमरी स्टिक यांच्यासाठी अनेक जाती वाचणारा रीडर घ्यावा लागतो. ऑलिम्पस आणि फुजी यांच्या कॅमेऱ्यांतील पातळ स्मार्टमीडिया आणि नंतर आलेले एक्सडी ही कार्डे वाचणारे रीडर आता सहजी मिळत नाहीत. अशा कार्डांसाठी मूळ कॅमेरा आणि त्याची केबल जपून ठेवणे अगत्याचे आहे.

कार्ड घातल्यावर संगणकात त्याचे स्वतंत्र चिन्ह दिसते. त्यात 'डीसीआयएम' नावाचे फोल्डर असते. १९९८ मध्ये जपानी उद्योगाने ठरवलेल्या नियमानुसार जवळजवळ सर्व कंपन्या छायाचित्रे याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. हे संपूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करावे. 'कट' हा पर्याय मुळीच वापरू नये. कॉपी चालू असताना कार्ड वाचण्यात अडथळा आल्यास मूळ फायली जागच्या जागी राहिलेल्या बऱ्या. एसडी कार्डाच्या कडेला असलेली लहान कळ 'लॉक'कडे सरकवली, तर चुकून काही पुसले जाण्याचा धोकाही टळतो.

संगणकाने 'हे कार्ड फॉरमॅट करायचे का?' असे विचारल्यास उत्तर नेहमी 'नाही' असेच द्यावे. हा प्रश्न आला म्हणजे कार्डावरील अनुक्रमणिका वाचता आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. छायाचित्रे बहुधा शाबूत असतात. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम अनुक्रमणिकेकडे दुर्लक्ष करून कार्डावर थेट जेपेग फायली शोधतो आणि कार्डावर काही लिहीत नाही. सापडलेल्या फायली मात्र त्याच कार्डावर न ठेवता संगणकावरच साठवाव्यात.

केबलने छायाचित्रे उतरवताना

कार्ड रीडर उपलब्ध नसल्यास केबलचा मार्ग घ्यावा. कॅमेऱ्याची बॅटरी आधी पूर्ण भरावी किंवा पेन्सिल सेल नवे घालावेत. कॅमेरा बंद असताना केबल जोडून मग तो चालू करावा. काही कॅमेऱ्यांत छायाचित्रे पाहण्याच्या स्थितीतच संगणकाशी संपर्क होतो. तरीही ओळख पटली नाही, तर कॅमेऱ्याच्या मेनूमधील यूएसबीचा पर्याय पाहावा. निकॉन आणि सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत तेथे मास स्टोरेज आणि पीटीपी अशी निवड करता येते. एक पर्याय चालला नाही, तर दुसरा चालण्याची शक्यता असते. केबल केवळ चार्जिंगची नाही ना, हेही तपासावे.

विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडून कॅमेऱ्याच्या चिन्हावर उजवी क्लिक केल्यास 'इम्पोर्ट'चा पर्याय मिळतो. 'फोटोज' या प्रोग्रॅममध्येही तशी सोय आहे. मॅक संगणकावर हेच काम इमेज कॅप्चर करते. इम्पोर्ट करताना 'नंतर छायाचित्रे पुसून टाका' अशी खूण आधीच केलेली असल्यास ती काढावी. काही प्रोग्रॅम केवळ छायाचित्रे उचलतात आणि त्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रफिती किंवा आवाजाच्या फायली मागे ठेवतात. म्हणून शक्य तेथे कॅमेरा उघडून त्यातील फोल्डरच कॉपी करणे श्रेयस्कर.

येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. अनेक कॅमेऱ्यांत कार्डाखेरीज स्वतःची काही मेगाबाइटची अंतर्गत स्मृती असते. कार्ड आत असताना ती सहसा दिसत नाही. कार्ड काढून कॅमेरा चालू केल्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मूठभर छायाचित्रे अनपेक्षितपणे समोर येऊ शकतात. ती केबलने किंवा कॅमेऱ्याच्या मेनूतील 'कॉपी'च्या साहाय्याने कार्डावर घेता येतात. मात्र त्यासाठी दोन जीबीपर्यंतचे जुने एसडी कार्ड लागते. २००६ नंतर आलेली मोठ्या क्षमतेची कार्डे त्याआधीच्या कॅमेऱ्यांना ओळखता येत नाहीत.

ड्रायव्हरच नसेल तर

दुसऱ्या पिढीतील कॅमेऱ्यांसाठी लिनक्स हा हुकमी पर्याय ठरला आहे. जीफोटो हा मुक्त स्वरूपातील प्रोग्रॅम जगभरातील स्वयंसेवकांनी विकसित केला असून, तो दोन हजारांहून अधिक कॅमेरे ओळखतो. कंपन्यांनी ज्यांची साथ सोडली असे कॅनन, कोडॅक आणि ऑलिम्पसचे कित्येक जुने कॅमेरे, काही सीरियल केबलवाल्यांसह, त्यात अंतर्भूत आहेत. संगणकावरील विंडोज काढण्याची गरज नाही. उबुंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन तीवरूनच संगणक सुरू करता येतो आणि काम झाल्यावर पूर्ववत विंडोजकडे परतता येते. आज्ञा टंकण्याचा सराव नसलेल्यांना शॉटवेल किंवा डिजीकॅम हे चित्रमय प्रोग्रॅम सोयीचे पडतात. लिनक्सवर ते कॅमेऱ्याशी बोलण्यासाठी जीफोटोचाच आधार घेतात.

तारीख तपासणे महत्त्वाचे

प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ यांची नोंद दडलेली असते. तिला एक्झिफ म्हणतात. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'डीटेल्स' पाहिल्यास ती दिसते. ही नोंद कॅमेऱ्यातील घड्याळावर अवलंबून असते. बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यास घड्याळ मागे जाते आणि पुढची सारी छायाचित्रे एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीची ठरतात. महापुराच्या छायाचित्रावर अशी तारीख पडली, तर पुरावा म्हणून त्याचे मोल उणावते.

सुदैवाने ही चूक सुधारता येते. एकाच खेपेत काढलेल्या छायाचित्रांतील परस्पर अंतर बरोबर असते. केवळ आरंभ चुकलेला असतो. त्यांपैकी एका छायाचित्राची खरी वेळ कळली, मग ती भिंतीवरील घड्याळातून असो, वर्तमानपत्राच्या अंकावरून असो वा लग्नपत्रिकेवरून, की डिजीकॅममधील तारीख बदलण्याच्या सोयीने सर्व फायली तेवढ्याच फरकाने सरकवता येतात. हा बदल नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावा. मूळ प्रत जशी उतरली तशीच ठेवावी. छायाचित्र फिरवणे, उजळवणे यालाही हाच नियम लागू आहे.

पुराचे पाणी लागलेले कार्ड

शाहूपुरी, दुधाळी, व्हीनस कॉर्नर अशा सखल भागांतील घरांत पाण्याखाली गेलेले कॅमेरेही असतील. असा कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. बॅटरी आणि कार्ड वेगळे करावे. कार्डावरील चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा आणि ते सावलीत काही दिवस पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ऊन किंवा हेअर ड्रायरची उष्णता देऊ नये. संपर्कपट्ट्यांवर गंज दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने त्या पुसाव्यात. कार्डात फिरणारा कोणताही भाग नसतो, त्यामुळे कॅमेरा निकामी झाला तरी कार्ड वाचण्याची आशा राहते.

उतरवल्यानंतर

काम संपल्यावर कार्डावरील आणि संगणकावरील फायलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा. काही छायाचित्रे उघडून ती खालपर्यंत पूर्ण दिसतात का, याची खात्री करावी. अर्धवट उतरलेल्या छायाचित्राचा खालचा भाग राखाडी दिसतो. फोल्डरला वर्ष, महिना आणि प्रसंग असे नाव द्यावे. त्यानंतर दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, परगावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत ठेवावी. एकाच कपाटातील दोन प्रती पुरात एकदमच भिजतात. त्या काळी स्टुडिओतून लिहून घेतलेल्या सीडींवरील रंगद्रव्य काळाच्या ओघात निकामी होत जाते. त्यामुळे त्याही याच वेळी उतरवून घ्याव्यात.

अखेरचे काम संगणकाचे नाही. छायाचित्रातील माणसे कोण, जागा कोणती, पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवावे. एक्झिफमध्ये तारीख सापडते, नावे सापडत नाहीत.