मधली शिल्लक कोणाची? ओव्हरक्लॉकिंगचा छोटा इतिहास

प्रोसेसरला किंवा रॅमला कंपनीने जो वेग ठरवून दिलेला असतो, त्यापेक्षा जास्त वेगाने ते चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आज त्याचा इतिहास बघायचा आहे. चारकोपमध्ये बोलतोय, तर उदाहरण इथलंच घेऊ. १९८५ साली मंजूर झालेल्या प्रकल्पात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे छोटे भूखंड आखले, रस्ते, पाणी, गटारं दिली आणि घर बांधायचं लोकांवर सोडलं. बैठ्या घरात आधी पोटमाळा आला, मग वर मजला चढला. दर वेळी प्रश्न एकच, पाया किती पेलेल? कागदावरचा भार आणि पाया खरोखर पेलतो तो भार, यात थोडी शिल्लक असते. आजचा सगळा विषय त्या शिल्लकीचा आहे.

चिपमध्ये ही शिल्लक येते कुठून? आंब्याची प्रतवारी आठवा. एकाच बागेतले आंबे, पण पेटीगणिक भाव वेगळा. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप्स तयार होतात आणि तपासणीनंतर त्यांच्यावर वेगाचा शिक्का बसतो. कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिप्स वरच्या दर्जाच्या निघायला लागतात. बाजाराला मात्र स्वस्त माल जास्त हवा असतो. मग चांगल्या चिपवरही खालचा शिक्का मारला जातो. शिवाय उन्हाळा, धूळ, कमी-जास्त होणारी वीज, चिपचं म्हातारपण, या सगळ्यासाठी कंपनी थोडा वेग मुद्दाम राखून ठेवते. म्हणजे शिल्लक दोन प्रकारची झाली. एक बाजारामुळे उरलेली, एक सुरक्षेसाठी ठेवलेली. बाहेरून बघून कुठली कोणती ते कळत नाही. खरी मेख इथेच आहे.

आता सुरुवातीकडे जाऊ. १९८१चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्यातला ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता. मग असा विचित्र आकडा का? तर रंगीत टीव्हीच्या सिग्नलला लागणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापरून, त्याला तीनने भागलं होतं. १९८४ला आयबीएम एटी आला, ६ मेगाहर्ट्झचा. त्यात १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असायचा. लोकांनी तो काढून १६चा बसवला आणि मशीन ८वर पळायला लागलं. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये वेग तपासायची सोय केली. वेग जास्त दिसला की मशीन सुरूच व्हायचं नाही. ग्राहक आणि कंपनी यांच्यातली ओढाताण तिथपासूनची आहे.

आपल्याकडे हा प्रकार घराघरात पोचला तो असेंबल्ड कॉम्प्युटरमुळे. मुंबईत त्याचा पत्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी लॅमिंग्टनच. कांदिवलीहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं, मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या दुकानातून, असा हिशेब. तेव्हा सुट्या भागांवर आयातशुल्क होतं. भारत १९९७मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि मग ते टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. त्या काळात फुकट मिळणारा प्रत्येक मेगाहर्ट्झ म्हणजे वाचलेला पैसा होता.

ऑगस्ट १९९८ हा या इतिहासातला मोठा महिना. इंटेलने सेलेरॉन ३००ए बाजारात आणला, घाऊक भाव १४९ डॉलर. त्याच वेळी पेंटियम टू ४५० आला, ६६९ डॉलरला. डॉलर तेव्हा साधारण ४२ रुपये होता. म्हणजे शुल्क आणि दुकानदाराचा नफा धरायच्या आधीच एक सव्वासहा हजारांचा, दुसरा अठ्ठावीस हजारांचा. सेलेरॉनचा हिशेब असा : बस ६६, मल्टिप्लायर साडेचार, वेग ३००. मल्टिप्लायर कुलूपबंद होता. कमी वेगाच्या चिपवरचा शिक्का खोडून जास्त वेगाचा मारण्याचे धंदे तेव्हा जगभर चालायचे, त्यावर हा उपाय. पण बस मोकळी होती. ती १००वर नेली की थेट ४५०. काही बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरच्या बी२१ या पिनवर नेलपॉलिश लावायचे!

गंमत पुढे आहे. बस ७५ किंवा ८३वर नेली, म्हणजे कमीच वाढवली, तर मशीन जास्त त्रास द्यायचं. कारण पीसीआय बस मुख्य बसच्या निम्म्याने चालायची. तिला हवेत ३३, मिळायचे ३७.५ किंवा ४१.५. हार्ड डिस्कवरचा डेटा खराब व्हायचा. १००वर मात्र ४४०बीएक्स चिपसेट तीनने भागायचा आणि पीसीआयला परत ३३ मिळायचे. फक्त रॅम पीसी१०० जातीची लागायची. यातून एक गोष्ट पक्की कळली. वेग एकट्या प्रोसेसरचा नसतो, त्याच्याबरोबर पळणाऱ्या प्रत्येक भागाचा असतो.

२०००मध्ये एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवरचे सूक्ष्म तुटलेले पूल साध्या शिसपेन्सिलीने जोडून लोकांनी मल्टिप्लायरचं कुलूप उघडलं. २०११च्या सँडी ब्रिजनंतर इंटेलने बसच बांधून टाकली. मोकळा मल्टिप्लायर हवा तर ‘के’ लिहिलेला, जास्त किमतीचा प्रोसेसर घ्या. लोकांनी शोधून काढलेली शिल्लक कंपनी आता किंमत लावून विकू लागली.

रॅमचंही तेच. डीडीआर४ रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही तर ती २१३३ किंवा २६६६वरच चालत राहते. एक्सएमपी चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच, कारण व्होल्टेज १.२वरून बहुधा १.३५ होतं. आणि नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ३२००ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६००ला सीएल१८ म्हणजेही १०. डीडीआर५ ६०००ला सीएल३०, तरी १०च. एकाच वेळी जास्त माल वाहून नेला जातो, पण पहिला दाणा हातात पडायला तेवढाच वेळ लागतो.

आता स्थिरतेकडे येऊ. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२चं १.३५ केलं, तर वीज आणि उष्णता साधारण दीडपट. कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात ३४ अंशांच्या बंद खोलीत नापास होऊ शकते. म्हणून चाचणी उन्हाळ्यात, दुपारी घ्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मेमटेस्टने रॅम, रात्रभर. मग प्राइम९५ने प्रोसेसर, काही तास. एक जरी चूक दिसली तरी एक पायरी खाली.

इतकं कडक का? कारण मशीन बंद पडलं तर निदान कळतं. रॅममध्ये एक बिट गुपचूप उलटला तर कळत नाही. फोटो सेव्ह होतो, फाइल कॉपी होते, हिशेबाची बेरीजही होते, फक्त ती चुकीची असते. मग त्याच खराब फाइलचा बॅकअपही होतो. गेम मध्येच बंद पडला तर हसून सोडून देता येतं. ज्या कॉम्प्युटरवर घरातल्या कुणाचा प्रबंध किंवा कुणाच्या दुकानाची वही आहे, तिथे दहा टक्के वेगासाठी हा जुगार परवडत नाही.

आणि आता तर ही शिल्लक कंपन्या स्वतःच वापरायला लागल्या आहेत. प्रोसेसर गरजेनुसार आपणहून वेग वाढवतो, कारखान्यातून निघतानाच काठावर उभा असतो. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, त्याने ती कायमची झिजत होती. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. यातल्या कित्येक ग्राहकांनी बायोस उघडूनही पाहिला नसेल.

चाळीस वर्षांत शिल्लक ग्राहकाच्या हातातून कंपनीच्या हातात गेली. तेव्हा आज आपल्या हाती जे कसब उरलंय, ते बरेचदा उलट्या दिशेचं आहे. व्होल्टेज थोडं उतरवायचं, वेग एक पायरी कमी ठेवायचा, धूळ साफ करायची, आणि तीच मशीन आणखी चार वर्षं चालवायची. मजला चढवता येतो हे आपल्याला माहीत आहे. कुठे थांबायचं, हे मात्र पायाला विचारूनच ठरवावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.