मैदानावरचे मूल

तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन फुटबॉलचा सामना पाहावयास जावे की न जावे, या प्रश्नावर इंग्लंडात जेव्हा जेव्हा वाद माजतो, तेव्हा तेव्हा दोन्ही पक्ष इतिहासालाच साक्षीला बोलावतात. एक म्हणतो, आमच्या बापाने आम्हांला मैदान दाखविले, त्याला त्याच्या बापाने दाखविले, आणि हा वारसा पुढे चालविणे हे आमचे कर्तव्यच आहे. दुसरा म्हणतो, मैदान ही पूर्वापार पुरुषांची जागा, तेथल्या शिव्याशापांत, रेटारेटीत आणि तंबाखूच्या धुरात पाळण्यातल्या पोराचे काय काम? दोघांचाही आवेश खरा असला तरी दोघांचाही इतिहास कच्चा आहे. मैदानावर स्त्रिया होत्या आणि मुलेही होती. परंतु अंगावर पिणारे मूल तेथे क्वचितच दिसे, आणि जी मुले येत त्यांच्या जिवाचा भरवसा आईबापांच्या शहाणपणावर फारसा नव्हता. तो होता फाटकावर, पायरीवर, कठड्यावर आणि आत किती माणसे सोडली याच्या हिशेबावर. आणि हा हिशेब चोख ठेवण्याची सक्ती इंग्लंडासारख्या व्यवहारदक्ष देशानेही फार उशिरा, पुष्कळ प्राणहानी झाल्यावरच केली.

इंग्लंडातील कामगाराचा फुटबॉल हा मूलतः शनिवारच्या अर्ध्या सुटीचा पुत्र होय. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले, हळूहळू ही सवलत इतर धंद्यांतही पसरली, आणि हातात मोकळी दुपार व खिशात आठवड्याची मजुरी असलेला एक नवाच समाज गावोगाव निर्माण झाला. १८६३ मध्ये लंडनच्या एका खानावळीत जमलेल्या सद्‌गृहस्थांनी खेळाचे नियम ठरविले खरे, परंतु त्या खेळाला प्रेक्षक दिला तो लँकशायरच्या आणि मिडलंड्सच्या गिरणगावांनी; १८८८ साली स्थापन झालेल्या लीगचे बाराही क्लब याच दोन प्रदेशांतले होते. आरंभीच्या काळात अनेक क्लबांनी स्त्रियांना प्रवेशमूल्य माफ केले होते. त्यांच्या उपस्थितीने पुरुषांच्या जिभेला थोडा लगाम बसेल, असा त्यामागे हिशेब असावा. परंतु १८८५ मध्ये प्रेस्टन येथे एका सामन्याला सुमारे दोन हजार स्त्रिया आल्या, तेव्हा कारभाऱ्यांना बुडालेल्या उत्पन्नाची जाणीव झाली आणि ती माफी रद्द झाली. मैदान ही पुरुषांची खाजगी मिरास होती, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन हजारांचे प्रकरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्त्रिया दूर झाल्या त्या रुचीच्या अभावी नव्हेत; दर शनिवारी घरी मागे राहण्याचा शिरस्ता त्यांच्या माथी मारला गेला, मैदानांवर त्यांच्यासाठी बसण्याची वा शौचाची धड सोय कोणी केली नाही, आणि आई जेथे जाऊ शकत नाही तेथे तिचे तान्हे मूलही जात नाही, इतका तो साधा कार्यकारणभाव होता.

मुलग्यांची गोष्ट मात्र निराळी. १८९० मध्ये लीगने प्रौढ पुरुषांसाठी किमान सहा पेन्सांचा दर ठरविला, तेव्हा स्त्रिया व मुलगे यांना त्या बंधनातून वगळले होते. त्यामुळे अर्ध्या दरात किंवा फुकटात आत शिरणारी पोरे हा मैदानाचा एक स्थायी वर्गच बनून गेला. आठ-दहा वर्षांचे पोर एकटे किंवा सोबत्यांबरोबर येई, फाटकाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘उचलता का, काका?’ अशा अर्थाची गळ घाली, आणि तो भला गृहस्थ त्याला फिरत्या फाटकावरून अलगद पलीकडे उतरवून देई. ज्याला तेही साधत नसे ते पोर सामना संपण्याच्या वीसएक मिनिटे आधी, लोकांना बाहेर पडण्यासाठी फाटके उघडत तेव्हा, त्या लोंढ्याच्या उलट दिशेने आत घुसे आणि उरलेला खेळ फुकट पाही. घरून येताना कोणी लाकडी स्टूल आणी, कोणी फळांचे खोके, कारण पायरीवर उभे राहिल्यावर पुढच्या माणसाच्या पाठीवाचून दुसरे काही दिसणार नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे. लिव्हरपुलात तर दोन्ही मोठ्या क्लबांनी मुलांसाठी जाळीचा वेगळा वाडाच केला होता. अ‍ॅनफिल्डवरचा वाडा कोप नावाच्या प्रचंड उतरणीच्या एका कोपऱ्यात होता, आणि त्यातून निसटून, लोखंडी तुळयांवरून लोंबकळत मोठ्या माणसांच्या गर्दीत जाऊन मिसळणे हा कित्येकांच्या लेखी प्रत्यक्ष सामन्याहूनही मोठा पराक्रम होता.

याच काळात एक असा रिवाज रूढ झाला की ज्याच्या आठवणीने लहानपणी तो अनुभवलेले वृद्ध आजही सद्‌गदित होतात. गर्दी दाटली आणि मागे उभ्या असलेल्या मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले की त्याला वर उचलीत, आणि डोक्यांवरून, हातांहातांनी, पुढे पुढे सरकवीत थेट मैदानाच्या कडेच्या चुनखडीच्या रेषेपर्यंत पोहोचवीत. तेथे ते राखेच्या पट्ट्यावर बसून खेळाडूंच्या पायांतला चिखल अंगावर घेत सामना पाही. जत्रेत पालखी दिसावी म्हणून बापाने पोराला खांद्यावर घ्यावे, तशीच ही प्रथा. फरक इतकाच की येथे खांदे पन्नास असत आणि त्यांतला एकही ओळखीचा नसे. तिच्यातील माणुसकी निःसंशय मोठी होती. परंतु तिचा दुसरा अर्थही स्पष्ट आहे: ज्या जागेतून मुलाला हवेतून बाहेर काढावे लागते, ती जागा मुलासाठी तर नव्हतीच, पण मोठ्यांसाठीही धड नव्हती.

आता ही जागा कशी बांधली जाई ते पाहू. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगो येथे आयब्रॉक्सवर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी फळ्यांचा उंच मंच मोडला आणि त्यातून खाली पडून पंचवीस माणसे मेली. त्यानंतर उंच लाकडी मंचांऐवजी मातीचे भराव घालून त्यांवर पायऱ्या करण्याकडे कल झाला, आणि मधूनमधून लोखंडी आडकठडे रोवण्यात येऊ लागले. परंतु भरावावर किती माणसे मावतात हे सांगणारा कायदा नव्हता. मावतील तितकी घ्यावी, न मावली तर फाटक बंद करावे, हाच दस्तुर. १९२३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरील कपस्पर्धेच्या पहिल्या अंतिम सामन्याला १,२६,०४७ प्रेक्षकांची अधिकृत नोंद झाली, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लोक कुंपणे ओलांडून आत आले, आणि लोकांनी त्यातून लक्षात ठेवला तो गर्दी हटविणाऱ्या पोलिसाचा पांढरा घोडा. अनर्थ टळला की त्याची दंतकथा होते आणि चौकशी राहून जाते, त्याचा हा नमुना.

दुसरे महायुद्ध संपले आणि करमणुकीला भुकेलेला समाज मैदानांवर लोटला. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन येथे बर्न्डन पार्कवर बोल्टन आणि स्टोक या संघांचा कपस्पर्धेतील सामना होता, स्टोककडून नामांकित खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार होता, आणि सुमारे ८५,००० लोक आत आले असा अंदाज आहे. मैदानाच्या एका बाजूचा भाग युद्धकाळापासून सरकारी पुरवठा-खात्याच्या मालाने अडलेला असल्याने तिकडची फाटके बंद होती आणि सारा भार रेल्वेच्या बाजूच्या पायऱ्यांवर पडला होता. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी फाटके बंद करण्यात आली, तरी लोक रूळ ओलांडून, भिंतीवरून चढून येतच राहिले. अशा वेळी आत असलेल्या एका बापाला आपल्या लहान मुलासह बाहेर पडावेसे वाटले. त्याने एका बंद दाराचे कुलूप खटपट करून उघडले आणि तो मुलाला घेऊन निघून गेला. त्याच उघड्या दारातून बाहेरचा जमाव आत घुसला. पुढे दोन आडकठडे वाकले, माणसे एकमेकांच्या अंगावर पडली आणि तेहेतीस जणांचा गुदमरून अंत झाला. खेळ थांबला, प्रेते मैदानाच्या कडेला ठेवून त्यांवर कोट पांघरण्यात आले, भुसा टाकून कडेची रेषा नव्याने आखली, आणि सुमारे अर्ध्या तासाने सामना पुन्हा सुरू होऊन गोलाविना संपला.

त्या बापाला दोष द्यावा असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु क्षणभर विचार केला असता असे दिसते की, मुलाला आणण्यात त्याची चूक झाली असे धरले तरी ती दुरुस्त करण्याचा एकमेव मार्ग त्याने पत्करला होता. आत शिरायला डझनभर वाटा आणि बाहेर पडायला कुलूपबंद दार, ही व्यवस्था त्याची नव्हे. मोएल्विन ह्यूज यांनी केलेल्या चौकशीच्या अहवालाने हेच ताडले. किती माणसे आत आली याची यांत्रिक मोजणी व्हावी, प्रत्येक भागाची क्षमता ठरवावी आणि मैदानांना तपासणीनंतरच परवाना द्यावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. सरकारने त्यांचा कायदा केला नाही. ते काम क्लबांच्या सदिच्छेवर सोपविले. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटी दहा लाखांहून अधिक उपस्थिती झाली, आणि भरलेल्या गल्ल्यासमोर तो अहवाल दप्तरात पडून राहिला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगितलेलाच बरा. २ जानेवारी १९७१ ला त्याच आयब्रॉक्सवर परतीच्या जिन्यात सहासष्ट माणसे चेंगरून मेली, त्यांत शाळकरी मुले होती. बापाच्या खांद्यावरचे एखादे मूल पडले आणि तेथून सारी माणसे कोसळली असावीत, असाही एक तर्क करण्यात आला. त्यानंतर १९७५ मध्ये, म्हणजे बर्न्डन पार्कनंतर एकोणतीस वर्षांनी, क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्ड येथे जुन्या लाकडी प्रेक्षागाराखाली वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि छप्पन्न बळी गेले. मागची दारे बंद होती, पण पुढे जाळीचे कुंपण नसल्याने शेकडो लोक मैदानात उड्या टाकून वाचले. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर मात्र दंगेखोरांना आवरण्यासाठी उभारलेले कुंपण होते, आणि त्या कुंपणाशी दबून जे सत्त्याण्णव जीव अखेर गेले त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. बंदोबस्ताची कल्पना एवढीच की प्रेक्षक हा आवरण्याचा प्राणी. त्याच्यात मूलही असू शकते, हे गृहीतच धरलेले नव्हते.

हिल्सबरोच्या चौकशीचा न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला, आणि त्याने मैदानांचे रूप पालटले. वरच्या दोन विभागांतील मैदाने १९९४ पर्यंत सर्वस्वी आसनांची व्हावीत असा हुकूम सुटला. ३० एप्रिल १९९४ रोजी अ‍ॅनफिल्डचा कोप अखेरचा उभ्याने भरला. कुटुंबांना बोलावण्याची तजवीज त्याआधीच काही ठिकाणी झाली होती. गायक एल्टन जॉन अध्यक्ष आणि ग्रॅहॅम टेलर प्रशिक्षक असताना वॉटफर्डने १९८० च्या दशकात कुटुंबांसाठी राखीव विभाग काढला, तो या बाबतीत अग्रेसर मानला जातो. क्लबांचा यात परोपकार होता तसा स्वार्थही होता, कारण १९८५-८६ पर्यंत लीगची उपस्थिती सुमारे एक कोटी पासष्ट लाखांवर घसरली होती.

अर्भकाचा मैदानातील खरा प्रवेश येथून सुरू होतो. आसन आले, छत आले, शौचालये आली, आई आली, आणि मूल सांभाळणे हे एकट्या आईचेच काम नव्हे असे मानणारा बापही आला. म्हणजे बाळाला मैदानावर नेणारे आईबाप कोणतीही जुनी परंपरा पाळीत नसून अगदी नवी प्रथा पाडीत आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र या बदलाबरोबर एक गोष्ट हरपली, तीही नोंदली पाहिजे: थोडक्या पेन्सांत एकटे येणारे, वाड्यातून पळणारे पोर आता राहिले नाही. आगाऊ काढलेल्या महाग तिकिटाने त्याला बाहेर ठेवले, आणि त्याच्या जागी पालकांच्या तिकिटाला जोडलेले मूल बसले.

मग न्यावे की नाही? चेंगराचेंगरीचे भय बरेच ओसरले असले तरी आवाजाचे भय उरले आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी घातलेल्या एका प्रसिद्ध मर्यादेप्रमाणे शंभर डेसिबलच्या आवाजात प्रौढ माणसानेही दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक राहू नये. गोल झाल्यावरची गर्जना ही पातळी सहज ओलांडते, आणि बाळाची कर्णनलिका अरुंद असल्याने तोच आवाज त्याच्या पडद्यावर अधिक जोराने आदळतो. कापसाच्या बोळ्याने ते भागत नाही. कान झाकणारी नीट मापाची टोपणे लागतात, आणि बाळाने ती झुगारून दिली तर आईबापांनी सामना सोडून उठण्याची तयारी ठेवावी लागते. सामन्यापासून बाळाला स्वतःला काहीच मिळत नाही, हे मान्य करावे. मिळते ते आईला, जिला एरव्ही घरी बसावे लागले असते, आणि तेही काही कमी नव्हे.

परंतु हा निवाडा एकट्या आईबापांच्या गळ्यात टाकणे हे अन्यायाचे होईल. आज काही क्लब अर्भकांना मुळीच घेत नाहीत, काही मांडीवर घेण्याची मुभा देतात, काही त्यांच्यासाठीही तिकीट मागतात, आणि हे सारे पुष्कळदा फाटकाशी गेल्यावरच कळते. कोणत्या विभागात बाळ चालेल, तेथून बाहेरची वाट किती पावलांवर आहे आणि ती सामनाभर उघडी राहील की नाही, हे क्लबाने तिकीट विकतानाच लिहून द्यावे. ज्या मैदानाला एवढे लिहून देता येत नाही, तेथे बाळाला नेऊ नये. आणि ज्याला येते, तेथे नेणाऱ्याच्या बुद्धीबद्दल शेजारच्या आसनावरून कोणी शंका घेण्याचे कारण नाही.