संत मार्टिनचे अर्धे वस्त्र

११ नोव्हेंबर ह्या दिवसाला युरोपच्या इतिहासात दुहेरी महत्त्व आहे. इ. स. १९१८ मध्ये ह्याच दिवशी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या; आणि त्यापूर्वी कित्येक शतके पश्चिमेकडील ख्रिस्ती लोक हा दिवस फ्रान्समधील तूर नगरीचा बिशप संत मार्टिन ह्याचा स्मृतिदिन म्हणून पाळीत आले होते. हा योग केवळ दिनदर्शिकेचा होय. जर्मन प्रतिनिधींस दिलेली बहात्तर तासांची मुदत त्या दिवशी संपत होती, एवढेच त्याचे कारण. तथापि युद्धाची आठवण माणसाने कशी ठेवावी, ह्या प्रश्नावर मार्टिनच्या चरित्राने, आणि त्याहूनही अधिक त्या चरित्राच्या पुढील वाटचालीने, पुष्कळ प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

मार्टिनचा जन्म चौथ्या शतकात, रोमन साम्राज्याच्या पॅनोनिया प्रांतात, आजच्या हंगेरीत झाला. बाप सैन्यातील अधिकारी. मुलाचे नावही मार्स ह्या युद्धदेवतेवरून आलेले. निवृत्त सैनिकांच्या मुलांनी सैन्यात शिरलेच पाहिजे, अशी राजाज्ञा असल्यामुळे पंधराव्या वर्षी त्याच्या कमरेला तलवार आली. सल्पिशियस सेव्हेरस ह्याने मार्टिनच्या हयातीतच त्याचे चरित्र लिहिले. त्यात सांगितलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. ऐन हिवाळ्यात आमिआँ नगराच्या वेशीशी एक उघडा भिकारी कुडकुडत बसला होता. मार्टिनपाशी अंगावरच्या झग्यावाचून देण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने तलवारीने झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्या भिकाऱ्यास पांघरला. फाटक्या वेषातला हा शिपाई पाहून काही लोक हसले. काहींना आपल्याला हे सुचले नाही ह्याची खंत वाटली. त्या रात्री तोच तुकडा पांघरलेला ख्रिस्त त्याने स्वप्नात पाहिला. त्याच्या तलवारीचे चरित्रकाराने नोंदविलेले कार्य एवढेच!

पुढे वर्म्स येथे ज्युलियन सीझर लढाईच्या आदल्या दिवशी शिपायांना बक्षिसे वाटीत असता मार्टिनने ते घेण्याचे नाकारले. आपण आता ख्रिस्ताचे सैनिक आहोत, आपणांस लढणे उचित नव्हे, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते. ज्युलियनने त्याला भेकड ठरविले. तेव्हा उद्या निःशस्त्र होऊन आपण सैन्याच्या पुढे उभे राहतो, असे मार्टिनने सांगितले. त्याला बंदीत टाकण्यात आले. परंतु दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहाचे बोलणे लावले. ह्या कथेत भक्ताच्या लेखणीचा रंग असेल. पण लढाई नाकारणारा मनुष्य मरणास भितो, हा आक्षेप किती जुना आहे आणि त्याला स्वतःच्या देहाने उत्तर देण्याची तयारीही किती जुनी आहे, हे तिच्यावरून दिसते.

बिशप झाल्यावरही त्याची ही वृत्ती पालटली नाही. इ. स. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकावर त्रियर येथे खटला चालला. त्याची मते मार्टिनला मान्य नव्हती. तरीही मतभेदासाठी रक्त सांडू नये म्हणून त्याने सम्राट मॅक्सिमस ह्याची विनवणी केली. सम्राटाने वचन दिले आणि मार्टिनची पाठ वळल्यावर ते मोडले. प्रिसिलियनचा शिरच्छेद झाला. धर्ममताच्या वादातून ख्रिस्ती राजसत्तेने दिलेली ही पहिली देहान्त शिक्षा मानली जाते, जरी आरोप जादूटोण्याचा ठेवला होता. पुढे आणखी जीव वाचावेत म्हणून मार्टिनने वधाची मागणी करणाऱ्या बिशपांबरोबर एकदा प्रार्थनेत भाग घेतला. पण ही तडजोड त्याच्या मनाला इतकी लागली की पुन्हा कोणत्याही धर्मसभेस तो गेला नाही.

इ. स. ३९७ मध्ये तो वारला आणि ११ नोव्हेंबरला तूर येथे त्याचे दफन झाले. येथून त्याच्या स्मृतीचा इतिहास सुरू होतो, आणि तो चरित्राहून फार निराळा आहे. इ. स. ५०७ मध्ये फ्रँकांचा राजा क्लोव्हिस व्हिसिगॉथांवर चालून गेला, तेव्हा मार्टिनच्या आदरास्तव तूरच्या परिसरातून गवत व पाण्यावाचून काही घेऊ नये, असे त्याने फर्माविले. एका शिपायाने गरिबाची वैरण लुटली. क्लोव्हिसने त्याला जागच्या जागी ठार केले. संत रुष्ट झाला तर विजय कसा मिळणार, ही त्याची चिंता होती. सातव्या शतकाच्या अखेरीस मार्टिनचा म्हणून मानला गेलेला झगा फ्रँक राजांच्या खजिन्यात दिसतो. त्यावर शपथा घेतल्या जात. युद्धात तो सैन्याबरोबर नेला जाई. लॅटिन भाषेत ह्या लहान झग्यास ‘कापेल्ला’ म्हणत. तो जेथे ठेवीत त्या प्रार्थनास्थळास तेच नाव पडले, आणि ते सांभाळणारे ते ‘कापेल्लानी’. आजचे चॅपेल व चॅप्लेन हे शब्द तेथून आले. गोव्याच्या वाड्यावाड्यांवरील ‘कपेल’ हा शब्दही पोर्तुगिजांच्या द्वारे त्याच मुळाचा आहे. ज्याने शस्त्र खाली ठेवले, त्याचे वस्त्र शस्त्रधारी मंडळींनी विजयाचे साधन म्हणून मिरविले, आणि त्याने ज्यास वस्त्र दिले तो भिकारी मात्र ह्या मिरवणुकीत कोठेच राहिला नाही.

ह्या शब्दाचा आणखी एक धागा आपल्याकडे येतो. फ्रान्सच्या उत्तरेस नव शापेल नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ ‘नवे चॅपेल’. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ह्या गावावर चढाई करणाऱ्यांत खडकीहून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन तुकड्या, शीख पलटणीच्या जोडीने, घरोघर लढल्या आणि त्यांची जबर हानी झाली. मार्च १९१५ मध्ये तेथेच हिंदी सैन्याने पुन्हा मोठा हल्ला केला. इ. स. १९२७ मध्ये उघडलेल्या तेथील स्मारकावर, ज्यांना ज्ञात थडगे नाही अशा साडेचार हजारांहून अधिक हिंदी वीरांची नावे कोरली आहेत. ह्या माणसांनी युद्ध पुकारले नव्हते, आणि ते का पेटले हे त्यांस कोणी विचारलेही नव्हते. त्यांच्या शौर्यास उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही.

आमचा प्रश्न स्मरणाविषयी आहे. कॉम्पिएनच्या अरण्यात रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सह्या झाल्या त्या पहाटे पाचच्या सुमारास, अंमल अकरापासून. त्या मधल्या सहा तासांतही माणसे मरत राहिली. दोन मिनिटांचे मौन पाळताना अकराचा ठोका आपण ऐकतो. ते सहा तास क्वचितच आठवतो. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर खालच्या पट्टात लढाई आणि वरच्या पट्टात स्वर्ग असतो; मागे राहिलेले घर बहुधा शिल्पकाराच्या दगडात मावत नाही. स्मारकाचा धर्मच असा दिसतो, की तो निवड करतो. ही निवड जाणीवपूर्वक तपासणे हे इतिहासाचे काम आहे. मार्टिनचा झगा राजांनी सांभाळला ह्यात वावगे काही नाही. तो अर्धा का होता, हे विसरले गेले तेथे स्मृती युद्धाच्या कामी आली. ११ नोव्हेंबरला मृतांची नावे वाचताना, त्या नावांमागे थंडीत उघडी पडलेली माणसे कोण होती, हेही विचारले जावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.