जामीन मंजूर, पण सुटका नाही : न्याय्य अटींबाबत कायदा काय सांगतो?

जामीन मंजूर झाला की माणूस घरी येईल, असे घरच्यांना वाटते. पण सुटका अडते ती आदेशातील पुढच्या ओळीवर : अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा स्थानिक जामीनदार. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ज्यांच्या नात्यात कोणाकडे ऐपतीचा दाखला नाही, त्यांच्यासाठी असा आदेश कागदावरच राहतो. देशातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरील गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांत दलित व आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. म्हणून ही माहिती प्रत्येक वस्तीत पोहोचावी असे आम्हाला वाटते.

अटी कशासाठी असतात?

आरोपीने तारखेला हजर राहावे, साक्षीदारांना धमकावू नये, पुरावा नष्ट करू नये, पुन्हा गुन्हा करू नये, एवढ्यासाठी. अट ही शिक्षा नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 नुसार (जुने कलम 440) मुचलक्याची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी लागते आणि ती अवाजवी असू शकत नाही. ती कमी करण्याचा आदेश सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय देऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

1978 च्या मोती राम प्रकरणात आरोपी गरीब गवंडी होता. त्याच्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणाने बिहारमधील कच्च्या कैद्यांचे हाल देशापुढे आणले. 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे. महिनाभरात जामीनपत्र न भरले गेल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असेही त्यात सुचवले आहे. एकाच व्यक्तीवर अनेक गुन्हे असतील, तर प्रत्येक प्रकरणात वेगळा जामीनदार आणणे अशक्य होते, ही अडचण न्यायालयाने 2024 मध्ये गिरीश गांधी प्रकरणात मान्य केली.

कुटुंबाने काय करावे?

1. जामीन आदेशाची प्रत घ्यावी आणि अटी नीट वाचाव्यात.
2. अट पूर्ण होत नसेल, तर ती शिथिल करण्याचा अर्ज द्यावा. घरची कमाई, अवलंबून असलेली माणसे, पत्ता व कामाचा पुरावा जोडावा.
3. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते (कलम 490).
4. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन आहे असे गृहीत धरता येते आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावे लागते (कलम 478).
5. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागावा. मदत क्रमांक 15100. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतील व्यक्तीला हा हक्क उत्पन्नाची अट न लावता मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

दुसरी बाजूही महत्त्वाची

अत्याचाराच्या खटल्यात आपण फिर्यादी असतो, तेव्हा गावबंदीसारखी अट साक्षीदारांचे रक्षण करते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. तो जरूर वापरावा. आमचे म्हणणे अटी नकोत असे नाही. अट कारणाला धरून असावी आणि माणसाला पाळता येईल अशी असावी. कलम 21 ने दिलेले स्वातंत्र्य सातबाऱ्यावर अवलंबून राहता कामा नये.